मूळविहिरीची नोंद

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या आतच फोगाऱ्याचं पाणी करंगळीवर आलं.

डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीच्या पोटातून कोसभर सरपटत येणारा तो पाट गावाच्या वेशीवर उजेडात यायचा, दगडी फणीच्या दातांतून वाटला जायचा आणि ज्याच्या त्याच्या खजुरीच्या बागेत शिरायचा. बूजमाच्या वाट्याला पूर्वी चार बोटं पाणी होतं. आता त्याच्या दातातून नुसती ओल झिरपायची. पाणी मोजणारा म्हातारा कद्दूर तांब्याचं भोकांचं ताट मांडीवर घेऊन फणीशी बसे, एकेक भोक चिकणमातीनं बुजवत जाई आणि शेवटी मान हलवून ताट पालथं घाली.

"काय आलं, काका?" बूजमा विचारी.

"काय यायचं? ताट ओलं झालं, एवढंच."

पाटाची माती काढायला वर जागोजाग तोंडं ठेवलेली होती. वाळवंटात दूरवर मुंग्यांच्या वारुळांसारखी त्यांची रांग दिसे. पाणी होतं तेव्हा त्या तोंडांतून गारवा यायचा. या वर्षी त्यांतून ऊन वाफ येऊ लागली. सकाळी जवळ उभं राहिलं की ती अंगावर येई, थांबे, पुन्हा येई. एखादं माणूस खाली झोपलेलं असावं तसं. बायकांनी त्या वाटेनं सरपणाला जाणं सोडलं.

बूजमाची मुलगी नफीसा पाण्याचंच शिकलेली. वार्गलाच्या विद्यापीठात पाच वर्षं काढून पदवी घेऊन आली, त्याला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं ती बापाबरोबर बागेत खपत होती. वाळू अडवायला झावळ्यांचं कुंपण उंच करायचं, मेंदी कापायची, बादलीनं टोमॅटोच्या एकेका रोपाला घोट घोट पाणी पाजायचं. हाताला घट्टे पडले होते. मधूनमधून आद्रार शहरातल्या रोजगार कचेरीतून बोलावणं यायचं. मग ती चांगले कपडे घालून बसमध्ये चढायची आणि संध्याकाळी परत यायची.

"काय म्हणाले?" आई मसऊदा विचारी.

"दोन वर्षांचा अनुभव पाहिजे म्हणाले."

"अगं, कामावर घेतल्याशिवाय अनुभव कुठनं यायचा?"

"मी हेच विचारलं. म्हणाले, तो आमचा प्रश्न नाही."

एका ठिकाणी फ्रेंच पाहिजे होती. एका ठिकाणी गाडी चालवता आली पाहिजे होती. एकानं सगळा वेळ तिच्या धुळीनं भरलेल्या चपलांकडे बघितलं. एका बाईनं गोड आवाजात विचारलं, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं बघतेस? नफीसाच्या डोक्यात बापाचा दुखरा गुडघा होता. ती पटकन म्हणाली, "घरी." टेबलापलीकडचे तिघंही हसले. नोकरी देणाऱ्यांना काय हवं असतं ते तिला पाठ झालं होतं. त्यातलं तिच्याकडं काय नाही, तेही.

मे महिन्यात शेतकंपनीचं पत्र आलं.

ही कंपनी डोंगराच्या पायथ्याला आली त्याला चार वर्षं झाली होती. खोल बोअर मारून तिनं वाळवंटात गव्हाची आणि मक्याची सोळा हिरवी वर्तुळं उठवली होती. प्रत्येक वर्तुळात एक लांबलचक लोखंडी हात पाणी फवारत आपला आपण फिरायचा. जवळ माणूस दिसायचा नाही. फोगाऱ्याची डोंगराकडची शेवटची सात तोंडं आणि जिथून पाट सुरू होतो ती मूळविहीर कंपनीच्या कुंपणात गेली होती. सरकारनं तेव्हा एक अट घातली होती: मूळविहिरीतलं पाणी दर महिन्याला मोजायचं, ते खालच्या गावातल्याच पदवीधरानं मोजायचं, आणि सहीनिशी त्याचा कागद गावाच्या जमातीच्या, म्हणजे पंचांच्या बैठकीच्या, भिंतीवर लागला पाहिजे. ती जागा रिकामी झाली होती.

मुलाखतीला चौघं आले होते. नफीसा आणि तीन मुलगे. चौघांना एका लोखंडी खोलीत बसवलं, पुढं चहाचे पेले ठेवले आणि माणूस निघून गेला. तास गेला. दोन तास गेले. खिडकीतून मूळविहिरीवरचं लोखंडी झाकण दिसत होतं. त्याच्या मागं तो लांब हात इतक्या सावकाश फिरत होता की बघत राहिलं तर थांबल्यासारखा वाटे आणि नजर काढली की पुढं सरकलेला असे.

मग आवाज सुरू झाला. जमिनीखालून. ठक्. थोडं थांबून ठक्. प्रत्येक वेळी पेल्यातल्या चहावर बारीक वलय उठायचं.

पहिला मुलगा उठून दारातल्या माणसाला म्हणाला, "अजून किती वेळ?" त्याला बाहेर नेलं. तो परत आला नाही. दुसरा पाय मोकळे करायला बाहेर पडला आणि विहिरीच्या झाकणाशी जाऊन वाकला. तोही परत आला नाही. तिसरा बराच वेळ पेल्याकडं बघत बसला. त्याचा चेहरा उतरला. "खाली कोण आहे?" तो मोठ्यानं म्हणाला. दार उघडलं, त्यालाही नेलं.

नफीसा बसून राहिली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. गावातली पाच माणसं फेब्रुवारीपासून पाटाचा तळ खोल करत होती आणि त्यात तिचा बाप होता. पण ती स्वतःशी म्हणाली, पंप असेल. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती खोलीत शेवटपर्यंत उरली होती.

दुपार कलल्यावर लखदर साहेब आला. पन्नाशीचा, हळू बोलणारा, स्वच्छ माणूस. तिच्या पदवीचा कागद त्यानं पालथा ठेवला.

"आवाज आला का तुला?"

"आला."

"कसला ते विचारलं नाहीस."

"तुम्ही विचारायला सांगितलं नव्हतं."

तो हसला नाही. नुसतं तिच्याकडं बघत राहिला. हाटात उंटाचे दात बघून झाल्यावर गिऱ्हाईक बघतं तसं. "पदवी सगळ्यांकडं असते, पोरी," तो म्हणाला. "आम्ही दुसरंच बघतो. उद्या सकाळी सातला ये. गाडी येईल न्यायला."

त्या दिवशी मसऊदानं शेजारीपाजारी कुसकुस रांधून वाटला. ज्या बायका म्हणायच्या, कागद चुलीत घाल, भाकरी तरी भाजेल, त्याच आता नफीसाचा हात हातात घेऊन बसल्या. बूजमानं दुखरा गुडघा लांब करून चहाचे तीन पेले घेतले आणि तो एकच वाक्य बोलला. "आता आपल्या पाण्याजवळ आपलं माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी झाकण सरकवून तिनं मोजपट्टी सोडली. पट्टीच्या टोकाला पाणी लागलं की घंटी वाजायची. एकवीस मीटर गेले, बावीस गेले. खालून ऊन वाफ तिच्या तोंडावर येत होती. चोवीस मीटर दहावर घंटी वाजली. तिनं आकडा वहीत लिहायला घेतला तेव्हा लखदर शेजारी उभा होता.

"गेल्या महिन्याला एकवीस चाळीस होतं."

"आता चोवीस दहा आहे."

"महिन्यात एवढं उतरतं का? विद्यापीठात काय शिकवलं तुला?"

"नाही उतरत."

"मग?"

तिनं पुन्हा पट्टी सोडली. पुन्हा चोवीस दहा. लखदर रागावला नाही, खिशात हात घालून क्षितिजाकडं बघत उभा राहिला. ऊन चढत गेलं. तिला कळलं, हा असाच उभा राहणार. आपण लिहीपर्यंत. तिच्या डोळ्यांपुढं बस आली, चपला आल्या, घरी वाटलेला कुसकुस आला. तिनं लिहिलं: एकवीस मीटर चाळीस. खाली सही केली.

"शाबास," तो म्हणाला आणि काखेतली छत्री तिच्या हातात देऊन गेला.

तो कागद जमातीच्या भिंतीवर लागला. बूजमा वाचायला शिकला नव्हता, पण पोरीची सही त्याला ओळखू यायची. कद्दूरनं आकडा वाचला, बोटांवर हात मोजले आणि पाचही खोदणाऱ्यांना सांगितलं, "पाणी तळाच्या खाली फक्त हातभर आहे. हातभर खोल केलं की लागेल."

"हातभर म्हणजे काय," बूजमा म्हणाला. "रांगत करू."

ते रांगतच करत होते. पाट कंबरेएवढा रुंद. मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात पोटावर पडून आखूड कुदळीनं तळ फोडायचा आणि भरलेली टोपली दोरीनं तोंडाकडं ओढायची. हात खोल केलं, पाणी लागलं नाही. पुढच्या महिन्याच्या कागदावर पुन्हा एकवीस चाळीस. म्हणजे आपलंच मोजमाप चुकलं असणार, अजून अर्धा हात. तळ खाली गेला तशा बाजूच्या भिंती उंच झाल्या आणि सुटू लागल्या. जुलैत खोदणाऱ्यांतल्या बरकाच्या अंगावर दरड आली. कंबरेपर्यंत गाडलेल्या त्याला चौघांनी नखांनी मोकळा केला. त्याचा डावा पाय पुन्हा जमिनीवर नीट टेकला नाही. त्याच्या जागी कोणी आलं नाही. चौघं खोदत राहिले.

बूजमा घरी यायचा तेव्हा पापण्यांवर, कानांत, दातांच्या फटींत पिवळी माती असायची. नफीसा त्याच्या पाठीवर पाणी ओतायची. त्याच्या बरगड्या एकेक मोजता यायच्या.

"बाबा, थांबा ना थोडे दिवस."

"थांबायचं कशाला? पाणी आहे की. तूच लिहिलंयस."

ती पाणी ओतत राही.

कंपनीच्या खोलीत ती एकटीच बसायची. कामाला महिन्यातली एक सकाळ पुरायची, उरलेले दिवस नुसतं हजर राहायचं. ऑगस्टमध्ये तिनं कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. तिच्या आधी दोघं होते. शेजारच्या गावातला तय्यब आणि त्याच्या आधी रबीआ नावाची मुलगी. दोघंही पदवीधर. रबीआचं अक्षर सुरुवातीला गोल, मोठं होतं. तय्यबचं उजवीकडं पडणारं. पहिल्या दोनतीन महिन्यांचे आकडे खाली खाली जात होते. मग दोघांचेही आकडे थांबले. आणि आकडे थांबल्यावर अक्षरंही बदलत गेली होती. रबीआची गोलाई आक्रसली, तय्यबची अक्षरं सरळ उभी राहिली. शेवटच्या पानांवर सही झाकली तर कुठलं कोणाचं ते सांगता येईना. एकाच माणसानं लिहिल्यासारखी, बारीक, काठीसारखी अक्षरं.

नफीसानं आपली वही उघडली. मे महिन्याचं पान बघितलं. मग ऑगस्टचं. वही मिटून तिनं ती कपाटाच्या तळाशी घातली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

तय्यबचं काय झालं म्हणून तिनं गाडीवाल्याला विचारलं.

"आहे घरी," तो म्हणाला. "ठणठणीत आहे. जेवतो, झोपतो. बोलत नाही तेवढं."

"आणि रबीआ?"

"लग्न होऊन गेली म्हणे. म्हणजे तिची आई तसं सांगते." मग गाडी आवाज करत वळवून म्हणाला, "तुला कशाला पाहिजे? चांगली चाललीय ना नोकरी?"

ऑक्टोबरात खजूर उतरवायला आले. फळं बोटाच्या पेराएवढी, आतली बी मोठी आणि वर सुरकुतलेली साल. शेळीनं हुंगून तोंड फिरवलं. त्याच आठवड्यात मोजणीचा दिवस आला. नफीसानं झाकण सरकवलं, पट्टी सोडली. घंटी वाजली तेव्हा पट्टीवर सव्वीस मीटर होते. पाटाच्या जुन्या तळापासून दहा हात खाली.

आणि खालून आवाज येत होता. ठक्. आता अगदी जवळून. माणसं कुंपणाखालून पार आत आली होती, कदाचित तिच्या पायांखालीच होती. कुदळीच्या दोन घावांमध्ये खोकला आला. तो खोकला ती लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकत आली होती.

लखदर त्या दिवशी शहरात गेला होता. नफीसा विहिरीच्या कडेला पोटावर पडली, डोकं आत घातलं आणि ओरडली, "बाबा! वर या! पाणी नाही! बाबा, पाणी नाहीये!"

तिचा आवाज खाली गेला, कशावर तरी आपटला आणि पाटातून दूर दूर जात राहिला. पाणी नाही, पाणी नाही. कुदळ थांबली. तिनं श्वास धरला. खाली कोणीतरी पुटपुटत होतं. मग कुदळ पुन्हा सुरू झाली. पहिल्यापेक्षा जोरात, भराभर, कोणी मागं लागल्यासारखी.

दुपारी ती घरी आली तेव्हा बूजमा नुकताच आला होता. हात धुतले नव्हते. उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसला होता आणि मसऊदा त्याच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती.

"काय झालं?" नफीसानं विचारलं.

"आज फोगारा बोलला," बूजमा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तुझ्या आवाजात बोलला. बाबा म्हणाला मला. म्हणाला पाणी नाही, वर या. आमचे म्हातारे सांगायचे, पाणी जवळ आलं की खालचं जे काय असतं ते आपल्या माणसाचा आवाज काढतं. हाकलायला. बरोबरच्या सलेमनं कुदळ टाकली होती. मी म्हटलं, कान झाक आणि मार. पाणी जवळ आहे म्हणूनच ओरडतंय." तो हसला. दातांवर माती होती. "उद्या लागतंय बघ."

"बाबा, ती मी होते."

"तू कचेरीत होतीस."

"मूळविहिरीशी होते. तुमच्या डोक्यावर. मीच ओरडले."

मसऊदाचा हात थांबला. बूजमा पोरीकडं बघत होता. पण ओळख पटत नसल्यासारखा, डोळे बारीक करून.

"आणि पाणी?"

"नाही."

"भिंतीवर लिहिलंय ते?"

"खोटं आहे. पहिल्या दिवसापासून खोटं आहे. पाच वेळा लिहिलं. आज लिहिलं असतं तर सहाव्यांदा."

"किती खाली आहे?"

"दहा हात. मी आले तेव्हा सहा हात होतं."

 बाहेर शेळी ओरडत होती. बूजमानं आपले दोन्ही तळवे उघडून बघितले. पाच माणसं, आठ महिने, बरकाचा पाय. नफीसाला वाटलं आता तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो भिंतीला धरून उठला.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"बरकाकडं. पहिल्यांदा त्याला सांग. मग जमातीत."

बरका अंगणात चटईवर पडला होता. नफीसानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "तुझ्या नोकरीचा कुसकुस मी खाल्ला होता, पोरी." एवढंच बोलून आत गेली.

जमातीत मात्र आरडाओरडा झाला. कोणी म्हणालं, हिला गावातून काढा. कोणी म्हणालं, आता खरं सांगते कशावरून? कंपनीनंच पढवून पाठवली असेल, आपण खोदणं सोडावं म्हणून. सगळे दमल्यावर कद्दूर म्हणाला, "आकडे आठवतात का तुला? खरे?"

तिला सगळे पाठ होते. ती एकेक सांगत गेली आणि मशिदीच्या शिक्षकानं लिहून घेतले. तिनं खाली सही केली. तिच्या सहीखाली खोदणाऱ्यांनी अंगठे उठवले. बरकाचा अंगठा त्याच्या घरी जाऊन घेतला. त्यानं तो दिला. मग कागद जिल्ह्याच्या कचेरीत गेला.

तीन आठवडे काही झालं नाही. कंपनीची गाडी नफीसाला न्यायला यायची बंद झाली. मग एका सकाळी जिल्ह्याचा अधिकारी आला आणि त्याच्याबरोबर सगळं गाव कुंपणात शिरलं. पहिल्यांदाच. सोळा वर्तुळांतले हात आपापले फिरत होते. बायकांनी तोंडावर पदर ओढून घेतले आणि वाफाऱ्यापासून लांब उभ्या राहिल्या. लखदर झाकणाशी थांबला होता, तसाच स्वच्छ, शांत. नफीसा जवळ आली तेव्हा तो फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "सहा महिने गप्प बसलीस. त्या दिवशी खोलीतही शेवटपर्यंत तूच टिकली होतीस. माझी निवड चुकली नव्हती."

तिनं मोजपट्टीचं रीळ उचललं. ते खरं होतं.

"मोजणार कोण?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"तीच मोजेल," बूजमा म्हणाला.

तिनं पट्टी सोडली. चोवीस. सव्वीस. साडेसव्वीस. कोणी हलत नव्हतं. सत्ताविसाव्या मीटरला टोक विहिरीच्या तळाला टेकलं आणि पट्टी तिच्या हातात सैल पडली. घंटी वाजली नाही. तिनं पट्टी वर ओढली आणि टोक अधिकाऱ्यापुढं धरलं. त्यानं ते दोन बोटांत चोळलं. पिवळी भुकटी त्याच्या बोटांवर आली.

मघापासून गुडघ्यांवर बसलेला कद्दूर विहिरीच्या काठाशी सरकला. ताट त्यानं घरीच ठेवलं होतं. त्यानं दोन्ही तळवे वर केले आणि मातीला गेल्यावर म्हणतात तो फातिहा म्हणायला सुरुवात केली. आवाज खाली उतरला आणि पाटाच्या सगळ्या तोंडांतून, दूर गावापर्यंत, मागून मागून उमटत गेला. बूजमानं तळवे वर केले. सलेमनं केले. काठीवर रेललेल्या बरकानं एक हात वर केला. मग सगळ्या गावानं. अधिकाऱ्यानं इकडंतिकडं बघितलं आणि वही काखेत धरून हात वर केले.

लखदर एकटा खिशात हात घालून उभा होता.  सगळे नुसते त्याच्याकडं बघत थांबले. कद्दूर शेवटच्या शब्दाशी थांबला होता. आमीन म्हणायचं राहिलं होतं. ऊन चढत गेलं. शेवटी लखदरनं खिशातले हात काढले, वर केले, आणि त्याच्या तोंडून "आमीन" निघाल्यावरच गावानं म्हटलं.

अधिकाऱ्यानं वही उघडली. "मोजणाऱ्याचं नाव?"

नफीसानं आपलं नाव सांगितलं. मग बापाचं. मग गावाचं.